चाळीस जानव्यांचा सूड

रविवार, १ मे १९२७. सकाळी ६.

आजपासून सूड. बाकी सगळी कामं बंद. तशी बाकी कामं काही नाहीत. रेल्वेच्या पार्सल हापिसातून रिटायर होऊन दोन महिने झाले.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही. गेल्या श्रावणीला तळेगावी होतो, सुनीच्या सासरी. देवळात चाळीस माणसं नवी जानवी घालायला बसलेली. आमचे व्याही दिगंबरपंत, पेन्शनर मास्तर, स्वतः टकळीवर सूत कातून सगळ्या आळीला जानवी वाटतात. वाटताना चेहरा असा की जणू काशीहून गंगाच आणलीय. मी म्हटलं, माझं मी आणलंय. रिळाच्या दोऱ्याचं होतं, कबूल. पंतांनी ते दोन बोटांत धरलं, उजेडाकडे नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, व्याही, हे जानवं की पार्सल बांधायची दोरी?

चाळीसही हसले. भटजीसुद्धा.

त्या दिवसापासून त्या घराची पायरी चढलो नाही. पंत म्हणतात, लेकीला न्यायचं तर बापाने यावं. मी म्हणतो, आधी माफी मागा. सुनी आठ महिने माहेरी आलेली नाही. त्याला मी काय करणार?

संकल्प: येत्या श्रावणीला, १२ ऑगस्टला, मी स्वतः कातलेल्या सुताची चाळीस जानवी घेऊन त्याच देवळात जायचं. पंतांच्या आधी वाटायची. आणि पंतांच्या गळ्यातसुद्धा माझंच जानवं पडलं पाहिजे! शिकायला आठ दिवस पुरेत. मास्तराला जमतं ते पार्सल क्लार्कला न जमायला काय झालं?

दुपारी. हिशेब केला. चार बोटांभोवती शहाण्णव वेढे म्हणजे एक जानवं. पन्नासेक फूट सूत. चाळीसांना दोन हजार फूट. आमच्या लोणावळा स्टेशनापासून डिस्टंट सिग्नलपर्यंतही जात नाही. किरकोळ.

मंगळवार, ३ मे.

कामशेतच्या बाजारातून पितळी टकळी आणली. खरं म्हणजे दोन आणल्या, एक मोडली तर असावी म्हणून. पिंजलेल्या कापसाचे पेळूही आणले, बोटाएवढे, मऊ. हिने विचारलं, हे काय? सांगितलं नाही. सूड गुप्त असतो.

ही म्हणाली, व्याह्यांच्या नाकावर टिच्चून जानवी करायची असतील तर आधी दुपारची झोप सोडा. बायकांना कुठून कळतं कोण जाणे.

बुधवार, ४ मे.

६ ते ७: सूत तुटलं. ७ ते ८: तुटलं. ८.१० ला टकळी घरंगळत मोरीत गेली. ९ वाजता वीतभर सूत निघालं, एका टोकाला सुतळी आणि दुसऱ्या टोकाला कोळ्याचं जाळं. कापूस डॅमेज्ड. परत करणार होतो, पण दुकानदार म्हणेल, रावसाहेब, बसला का हो त्यावर? म्हणून नाही केला.

रविवार, १५ मे.

विहीणबाईंचं पत्र. सुनीला चौथा महिना संपतोय. ही देवापुढे साखर ठेवून रडली. मलाही बरं वाटलं. नाही कशाला म्हणू?

पण पुढे वाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा सातव्यात घेऊन जावं. १४ ऑगस्टला आठवा लागतो, मग प्रवास नाही. आणि शेवटी: न्यायला माधवरावांनी स्वतः यावे, एवढेच यांचे म्हणणे.

अट घालतो? मला? थांब म्हणावं.

हिने विचारलं, कधी जाता? म्हटलं, १२ ऑगस्टला. सकाळी देवळात सूड, दुपारी सुनी, संध्याकाळच्या गाडीने घरी. दोन दिवस हातात राखून. राइट टाइम. ही म्हणाली, आणि देवळात भांडण झाल्यावर ते पोरीला पाठवतील? म्हटलं, तो तपशिलाचा प्रश्न आहे. तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नाही. आमटी मात्र वाढते.

मंगळवार, २४ मे.

गुरू भेटला! कोकणातून घाट चढून आलेला एक धनगर, अंबाजी, गावाबाहेर मेंढरं घेऊन उतरलाय. माणूस चालता चालता लोकर कातत होता. बघायचंसुद्धा नाही हाताकडे! मी म्हटलं, शिकवशील? तो म्हणाला, बामनाला? म्हटलं, व्हय. (हे कुठे बोलायचं नाही. जानव्याचं सूत मेंढरांच्या तळावर शिकलो हे भटजीला कळलं तर मेलोच.)

मी टकळी धरली तर अंबाजी कपाळाला हात लावून म्हणाला, रावसायेब, गळा आवळल्यावानी धरू नगा. सूत हाय त्ये, दुस्मन न्हाई.

त्याला काय ठाऊक? मला प्रत्येक पेळूत पंत दिसतात.

शुक्रवार, २७ मे.

सक्सेस! अंबाजी माझ्यासमोर बसला, मी त्याच्यासमोर. अगदी आरशात बघितल्यासारखं. त्याचा हात ज्या बाजूला, माझाही त्याच बाजूला. त्याची चुटकी बघत बघत मीही त्याच बाजूच्या हाताने टकळी फिरवली. हातभर सूत न तुटता निघालं. अंबाजी माझ्या हाताकडे बघून म्हणाला, रावसायेब, तुमी काय डावरं हाय का? म्हटलं, नाही रे बाबा. तो म्हणाला, मंग ऱ्हाऊ द्या, निगतंय न्हवं? निगतंय तर निगू द्या.

उद्या त्याचा तळ हलणार. डिग्री मिळाली, आता गुरूची गरज काय?

रविवार, ५ जून.

एका आठवड्यात तीन जानव्यांचं सूत. जरा जाड आहे. मधे मधे गाठी आहेत. पण पंतांच्या सुताला माज आहे, माझ्या सुताला निश्चय आहे.

दुपारी दोन ते चार मी डोळे मिटून सुडाचा विचार करतो. त्या वेळात माजघरातून बारीक घुर्र आवाज येतो. भुंगा असावा. वाशात भोक पडलंय का ते बघायला हवं.

मंगळवार, १४ जून.

शोध लागला! सूत मुरतं. काल संध्याकाळी टोपलीत टाकलेलं माझं सूत जाडंभरडं होतं, शपथेवर सांगतो. आज सकाळी त्याच टोपलीत वरच्या लडीकडे बघितलं, तर सूत बारीक, एकसारखं, केसासारखं. लोणचं मुरतं तसं सूतही मुरत असलं पाहिजे. हवेतल्या दमटपणाचा गुण. पंतांच्या तळेगावी अशी हवा कुठली? मार खाणार बिचारे.

हिला सांगितलं. ही बराच वेळ पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, टोपलीला हात लावू नका हं, मुरू दे. महिन्याभरात पहिल्यांदा एवढं बोलली.

शनिवार, २ जुलै.

पाऊस. पेळू ओले. शेगडीवर वाळवायला ठेवले आणि पेपर वाचत बसलो. पेपरात कामाची एक बातमी नव्हती आणि पेळू जळाले. धूर बघून शेजारच्या लीलाबाई घागर घेऊन धावत आल्या आणि पाणी माझ्यावर ओतलं. लीलाबाईंचं नाव सुडाच्या यादीत लिहिलं. नंबर दोन.

दुसरी टकळी कुठे सापडत नाही. उंदीर पितळ नेतात का?

सोमवार, ११ जुलै.

महिनाभर बाकी. वाती करताना ही म्हणाली, सुनीचं पत्र आलंय. काय लिहिलंय? म्हणते, नाना कधी येणार? रात्रीचं झोपताना कूस बदलायला त्रास होतो, आई जवळ असती तर बरं झालं असतं. हे ऐकून सरळ तळेगावची गाडी पकडावीशी वाटली. टोपी घातलीसुद्धा. मग पंतांचं ते वाक्य आठवलं. दोरी! टोपी काढली.

एक महिना. बाप म्हणून एक महिना काढता येतो. माणूस म्हणून तो अपमान काढता येत नाही.

गुरुवार, २१ जुलै.

सूत तयार. आता तीन पदर घेऊन उलट पीळ द्यायचा, पुन्हा तीन पदर, मग ब्रह्मगाठ. पुस्तकात लिहिलंय तसंच केलं. पहिलं जानवं हातातून सोडलं आणि ते आपोआप गोळा झालं. ओढलं, पुन्हा गोळा. चकलीसारखं. खिळ्याला टांगून खाली वरवंटा बांधला. वरवंटा गरगर फिरायला लागला. ही आत चटणी वाटायला वरवंटा शोधत होती.

टोपलीतल्या त्या मुरलेल्या बारीक लड्या जागेवर नाहीत. हिला विचारलं. उंदीर, म्हणाली.

शुक्रवार, २२ जुलै.

आमच्या गावच्या भटजींना गुपचूप दाखवलं. म्हटलं, एका मित्राने केलंय. त्यांनी सूत बोटांत फिरवलं आणि हादरलेच. म्हणाले, माधवराव, हे सूत उलट्या पिळाचं आहे. मुळातच उलटं कातलंय, त्यावर पुन्हा त्याच दिशेने पीळ. शुभकार्याला चालायचं नाही. तुमचा मित्र डावरा आहे का?

अंबाजी! समोर बसला होता! त्याच्या उजव्याला मी माझं डावं लावलं! आणि तो मेला म्हणाला, निगतंय तर निगू द्या! सुडाच्या यादीत अंबाजी, नंबर तीन. भटजी चार, "डावरा" म्हणताना हसले म्हणून.

शनिवार, २३ जुलै.

रात्र डोळ्यात गेली, पण पहाटे उजेड पडला. उलटं आहे तर अधिकच उत्तम! असं सुलक्षणी जानवं पंतांच्याच गळ्यात घातलं तर? भर सभेत वर चढत चढत कानाशी जाईल. दोरी म्हणालात ना, घ्या दोरी! देवच माझ्या बाजूने कातत होता आणि मी अंबाजीला शिव्या देत बसलो. त्याचं नाव यादीतून काढलं.

बुधवार, १० ऑगस्ट.

एकूण अकरा जानवी. चाळीस नाहीत. पण शत्रूला अकराही पुरेत. सगळी फळीवर दगडाखाली ताणून ठेवलीत. दगड काढला की उडी मारतात.

ही म्हणाली, परवा जाऊ नका. काही करायचं नाही, गप्प घरी बसा. मी म्हटलं, बायकांना सुडातलं काय कळतं? ही म्हणाली, बरं, मग जा, नक्की जा. इतकी लवकर कधी मानत नाही. चेहऱ्यावर काळजी नाही. मला वाटतं, माझा निर्धार बघून भारावली.

शुक्रवार, १२ ऑगस्ट. श्रावणी. रात्री ९.

क्रमाने लिहितो.

सकाळची तळेगावकडे जाणारी डाऊन गाडी पकडली. कामशेतला समोर अप गाडी उभी. खिडकीत एक पगडी, पांढऱ्या मिशा, हुबेहूब पंत. शत्रू डोक्यात बसला की जळी स्थळी तोच दिसतो. तोंड फिरवलं.

देवळात तेच चाळीस. पंत नाहीत! कोणी म्हणालं, पहाटेच कुठेसे गेले, त्यांची जानवी घरून यायची आहेत. म्हटलं, काळजी नको. अकरा जणांना वाटली. पाणी लावून त्यांनी गळ्यात घातली. ओली झाली मात्र, एकेक जानवं जिवंत झालं. एकाचं बगलेत, एकाचं गळ्याशी, पाटील गुरुजींचं तर कानात जाऊन बसलं. भटजी ओरडले, अहो हे कोणाचं काम?

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. हसायच्या बेतात. तेच हसू. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं: दिगंबरपंतांनी पाठवलीत.

हसू जागच्या जागी विरलं. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, थकले हो पंत. दुसरा म्हणाला, डोळे गेले असतील बिचाऱ्याचे.

ह्याला म्हणतात सूड! छाती अशी फुगली की अंगरख्याचा बंद तुटला. तशाच ऐटीत पंतांच्या घरी गेलो, सुनीला न्यायला. विहीणबाई दारातच थबकल्या. म्हणाल्या, अहो, हे स्वतः तिला घेऊन सकाळच्या गाडीने तुमच्याकडेच गेले! तुमचंच पत्र आलं ना तसं?

माझं पत्र?

घरी येतो तर ओटीवर उघड्या अंगाने पंत. खांद्यावर जानवं. पांढरंशुभ्र, बारीक, एकसारखं. मुरलेलं सूत. उठून दोन्ही हात धरले माझे. म्हणाले, माधवराव, मी हरलो. चाळीस वर्षं कातलं, असं सूत मला कधी निघालं नाही. मागच्या साली नको ते बोललो. तुम्ही मोठेपणाने पत्र पाठवलंत, स्वतःच्या हातचं जानवं पाठवलंत, आता मला क्षमा करा. आणि पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "मागचे विसरावे. गुडघ्यामुळे प्रवास होत नाही, तरी सुनीला आपणच आणून पोचवावे." खाली माझी सही. पत्रातला "ळे" मी कुठेही ओळखीन. हिच्या किराण्याच्या यादीत रोज बघतो.

माजघरात बघितलं. ही पोळ्या लाटत होती. फडताळात दुसरी टकळी, वर वीतभर सूत. म्हटलं, भुंगा? ही म्हणाली, भुंगा.

सुनी वाकून पाया पडायला लागली, मी अर्ध्यातच धरली. गालफडं बसलीत, डोळे मात्र हसरे. म्हणाली, नाना, किती वाळलात हो. वर्षभर मी कोणावर सूड घेत होतो कोण जाणे. डोळे पुसले, तर पंत म्हणाले, बापाचं काळीज! आणि स्वतःच रडायला लागले.

पंत उद्या परत जाणार. तळेगावात त्यांना सगळं कळणार. देवा.

रविवार, १४ ऑगस्ट.

आठवा लागला. सुनी माजघरात आईजवळ झोपून डाळिंब खाते. घर भरल्यासारखं वाटतं.

तळेगावहून अजून काही नाही. पोस्टमन नथू दिसला की मी आत पळतो. आज तो लीलाबाईंचं पत्र द्यायला आला होता, तरी मी मोरीत जाऊन बसलो.

बुधवार, १७ ऑगस्ट.

पत्र आलं. शिव्या असतील म्हणून दार लावून वाचलं. शिव्या असत्या तर बरं झालं असतं.

पंत लिहितात: गुडघा दुखत असूनही तुम्ही आमच्या देवळात आलात असे कळले. तिथे वाटलेली जानवी पाहिली. फार वाईट. आमच्याच घरातून कोणी चुकून टाकाऊ पुडा तुमच्या हाती दिला असणार. तुमचा काही दोष नाही. टाकाऊ झाली तरी हात माझाच. हल्ली पीळ उलटा की सुलटा दिसत नाही, आणि कबूल करायला लाज वाटत होती. सगळ्यांची माफी मागितली. टकळी फडताळात ठेवून दिली. झालं तेवढं पुरे.

सूड पूर्ण झाला. माझ्या कल्पनेपेक्षाही पूर्ण. जेवण गेलं नाही. हिने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, पित्त.

खरं काय ते कळवायचं म्हणून तीनदा कागद घेतला. पहिल्यांदा शाई पातळ होती. दुसऱ्यांदा टाक फुटका. तिसऱ्यांदा "तीर्थस्वरूप व्याही यांसी" इथवर लिहिलं आणि जांभई आली.

गुरुवार, १८ ऑगस्ट.

पत्राच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. काल दिसला नाही.

"एक इच्छा. नातू झाला तर बारशाला अख्खी आळी घेऊन लोणावळ्याला येतो. त्याच्या मुंजीच्या जानव्याचं पहिलं सूत तुम्ही पाळण्याशेजारी बसून सगळ्यांसमोर काढायचं. तुमचा हात मला डोळ्यांनी बघायचा आहे. आता माझं एवढंच राहिलं."

अख्खी आळी. म्हणजे चाळीस. सगळ्यांसमोर. बारसं दोन महिन्यांवर.

माजघरात गेलो. हिला म्हटलं, पाळण्यामागे तू बसून... ही म्हणाली, मुळीच नाही. मी पोरीला घरी आणायला कातलं. ती आली. तुमच्या खोटेपणाला मी सूत पुरवणार नाही. म्हाताऱ्याला खरं सांगा, नाहीतर शिका. सुनी पडल्या पडल्या हसत होती. म्हणाली, नाना, मी शिकवू का? मला मामंजींनी शिकवलंय.

बसलो तिच्यासमोर. म्हणाली, समोर नको, शेजारी बसा. शेजारी बसलो. तुटलं. पुन्हा तुटलं. लेकीने माझा हात धरला, म्हणाली, एवढं आवळू नका हो. अकरा वेळा तुटलं.

संध्याकाळी ही म्हणाली, मुलगी झाली तर सुटलात, मुलीची कुठे मुंज असते? म्हणाली थट्टेनेच.

मी हातपाय धुतले, सोवळं नेसलो, देवापुढे बसलो. छप्पन्न वर्षांत देवाकडे बढती मागितली, बदली मागितली, पंतांचा नाश मागितला. आज निरांजन लावून, डोळे मिटून, अगदी मनापासून मागितलं: मुलगीच होऊ दे.